दिव्यांच्या गावाला मोटारीतून



अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि कॅनडा या देशांत डिसेंबर महिना उजाडला, की घराघरांवर विजेच्या दिव्यांच्या माळा चढू लागतात. छपराच्या कडा, खिडक्या, दारापुढचे झाड, अंगणाचे कुंपण, काही म्हणता काही सुटत नाही. नाताळ जवळ येतो तसतशी ही रोषणाई वाढत जाते. मग एखाद्या संध्याकाळी सारे कुटुंब मोटारीत बसते आणि गल्लोगल्ली सावकाश फिरत लोकांनी लावलेले दिवे पाहते. गणपतीच्या दिवसांत आपण आरास पाहायला रात्री पायी हिंडतो ना, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की तिकडे पाणी गोठवणारी थंडी असते, म्हणून हिंडायचे ते मोटारीत बसून.

काही ठिकाणी तर अशा फेरफटक्यासाठीच मोठी रोषणाई मांडतात. वेस्ट व्हर्जिनिया राज्यात व्हीलिंग गावाजवळ ओगलबे नावाचे उद्यान आहे. तेथे १९८५ साली दिव्यांचा हिवाळी उत्सव सुरू झाला. सुमारे ६ मैलांच्या रस्त्यावरून मोटार हाकत लोक तो पाहतात. याहून जुना रस्ता कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसजवळ आल्टाडीना येथे आहे. तेथील दुतर्फा उंच झाडांवर १९२० साली प्रथम दिवे लावले गेले. ही झाडे कोणती ठाऊक आहे? आपल्या हिमालयात वाढणारा देवदार तो हाच!

दिवे पाहून मन प्रसन्न होते हे खरेच. पण या एका फेरफटक्यात भूगोलाचे आणि पदार्थविज्ञानाचे किती धडे दडले आहेत! त्यांतला एखादा धडा जिवावरचे संकट टाळू शकेल इतका महत्त्वाचा आहे. तेव्हा चला, आज आपण मनानेच मिनेसोटा राज्यातील मिनिआपोलिस शहरी जाऊ आणि अशा एका मोटारीत बसू.

रात्र एवढी मोठी का?

२१ डिसेंबरची दुपार. घड्याळात साडेचार वाजतात आणि मिनिआपोलिसमध्ये सूर्य मावळतो! त्याच दिवशी मुंबईत सूर्यास्त व्हायला सहा वाजून जातात. तेथे दिवस जेमतेम पावणेनऊ तासांचा, तर मुंबईत तो सुमारे अकरा तासांचा असतो.

पृथ्वीचा आस २३.५ अंशांनी कललेला आहे हे तुम्ही शिकला आहात. डिसेंबरच्या २१ किंवा २२ तारखेला सूर्य २३.५ अंश दक्षिण अक्षांशावर माथ्यावर येतो. मुंबई सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर, तर मिनिआपोलिस ४५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मग भर दुपारी सूर्य क्षितिजापासून किती उंच दिसेल? हिशेब सोपा आहे.

मुंबईत: ९० − (१९ + २३.५) = ४७.५ अंश.
मिनिआपोलिसमध्ये: ९० − (४५ + २३.५) = २१.५ अंश.

म्हणजे तेथे भर दुपारचा सूर्य आपल्याकडच्या सकाळी नऊच्या सूर्यासारखा खाली असतो. त्याचे किरण तिरपे पडतात, एकाच सूर्यप्रकाशाला अधिक जमीन तापवावी लागते, आणि तीही थोडाच वेळ. म्हणून थंडी कडाक्याची आणि रात्र मोठी. शाळा सुटून मुले घरी येतात न येतात तोच अंधार पडतो. अशा लांबलचक काळोख्या रात्रींत माणसाला दिव्यांची आस लागावी, यात नवल ते काय?

मेणबत्त्या गेल्या, वीज आली

पूर्वी नाताळच्या झाडावर मेणबत्त्या लावीत. घरात आणलेले सूचिपर्णी झाड, दिवसागणिक वाळत जाणारे, त्यात राळेचा अंश, आणि त्यावर उघड्या ज्योती! झाड पेटू नये म्हणून शेजारी पाण्याची बादली ठेवण्याची काळजी लोक घेत असत.

४ सप्टेंबर १८८२ रोजी एडिसनचे पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र न्यूयॉर्क शहरात सुरू झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने आपल्या घरच्या झाडावर लाल, पांढरे आणि निळे असे ८० विजेचे दिवे लावले. प्रत्येक दिव्याची तार त्याने हातांनी जोडून घेतली होती. शिवाय झाड विजेवर गरगर फिरतही होते! १८९५ साली अमेरिकेचे अध्यक्ष क्लीव्हलंड यांच्या निवासस्थानी विजेच्या दिव्यांचे झाड उभे राहिले. पुढे १९२३ साली अध्यक्ष कूलिज यांनी वॉशिंग्टन येथे उघड्या मैदानातील झाडावरचे दिवे बटन दाबून लावले.

परंतु सामान्य माणसाला एकेका दिव्याची तार वेगळी जोडत बसणे कसे परवडणार? त्याला हवी होती तयार माळ. खोक्यातून काढायची, झाडाला गुंडाळायची आणि प्लग बसवायचा. ही अडचण एकसर जोडणीने सोडवली.

आठ दिव्यांचे गणित

अमेरिकेत घरातील विजेचा दाब १२० व्होल्ट असतो; आपल्याकडे तो २३० व्होल्ट आहे. चिमुकल्या दिव्याची बारीक तार १२० व्होल्ट कशी सोसणार? ती क्षणात जळून जाईल. पण १५ व्होल्टचे आठ दिवे एकापुढे एक जोडले तर?

१५ × ८ = १२०

प्रत्येक दिव्याच्या वाट्याला १५ व्होल्ट येतात आणि सारे दिवे सुखाने जळतात. अशी आठ-आठ दिव्यांची माळ अमेरिकेत कित्येक वर्षे घरोघरी वापरात होती. यालाच आपण एकसर जोडणी म्हणतो. हिच्यात विजेला जायला एकच वाट असते; पहिल्या दिव्यातून गेलेला प्रवाहच दुसऱ्यातून, तिसऱ्यातून आणि शेवटच्यातून जातो.

यातील खोड तुमच्या लगेच ध्यानात येईल. एका दिव्याची तार तुटली, की वाट बंद! आठच्या आठ दिवे विझतात. त्यांतला दोषी कोणता, हे नुसते पाहून कळत नाही. मग एक चांगला दिवा हाती घ्यायचा आणि तो एकेका जागी बसवून पाहायचा. ऐन सणाच्या संध्याकाळी हा उद्योग किती घरांत झाला असेल, याची कल्पना करा.

घरातले दिवे आणि पंखे असे जोडत नाहीत. ते समांतर जोडणीत असतात. प्रत्येकाला स्वतंत्र वाट आणि प्रत्येकाला पुरा दाब. म्हणून स्वयंपाकघरातला दिवा गेला तरी माजघरातला जळत राहतो. मोठ्या दिव्यांच्या माळाही अशा समांतर जोडणीने करतात. पण तेथे प्रत्येक दिवा १२० व्होल्टचा लागतो. एक दिवा ७ वॅटचा धरला, तरी २५ दिव्यांची माळ १७५ वॅट वीज घेते.

एक विझला, तरी बाकीचे कसे जळतात?

त्यानंतर तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे असे बारीक दिवे आले. एका ओळीत ५० दिवे, प्रत्येकाच्या वाट्याला १२० ÷ ५० = २.४ व्होल्ट. शंभर दिव्यांच्या माळेत अशा दोन ओळी एकमेकींना समांतर जोडलेल्या असतात. म्हणूनच कधी कधी माळ अर्धीच विझते.

पन्नास दिवे एकसर! मग एक गेला की पन्नास जाणार? येथे एका साध्या युक्तीने काम केले आहे. प्रत्येक दिव्यात, तंतूच्या खाली, दोन्ही टोकांना जोडणारा बारीक तारेचा वेढा असतो. या तारेवर ऑक्साइडचा पातळ थर असतो. हा थर विसंवाहक, म्हणजे विजेला अडवणारा. दिवा नीट जळत असतो तोवर त्याच्या टोकांत अवघा २.४ व्होल्ट दाब असतो, आणि थर तेवढा दाब सहज अडवतो.

आता समजा, तंतू तुटला. प्रवाह थांबला. प्रवाहच नाही, तर बाकीच्या ४९ दिव्यांत दाब खर्ची पडत नाही. सगळाच्या सगळा १२० व्होल्ट दाब तुटलेल्या जागी येऊन उभा राहतो. त्याच्यापुढे पातळ थराचे काही चालत नाही. थर फुटतो, तारेच्या वेढ्यातून वाट मोकळी होते, आणि ४९ दिवे पुन्हा उजळतात. तुटलेल्या दिव्याने मरता मरता इतरांसाठी पूल बांधून दिला, असेच म्हणायचे!

पण हा पूल फुकट मिळत नाही. आता १२० व्होल्ट ४९ जणांत वाटले जातात. पाच दिवे गेले, तर उरलेल्या ४५ पैकी प्रत्येकावर १२० ÷ ४५ = २.६७ व्होल्ट येतात. दाब सव्वाअकरा टक्क्यांच्या आसपास वाढला. तंतूचा रोध बदलला नाही असे धरले, तर शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे जवळजवळ २३ टक्क्यांनी वाढेल. राहिलेले दिवे अधिक झगझगीत होतात, अधिक तापतात आणि लवकर जातात. जितके अधिक जातील तितके इतर अधिक भराभर जातील. तेव्हा विझलेला दिवा वेळीच बदलावा, हा या माळेचा नियम.

धोका कोठे लपला आहे?

वरच्या परिच्छेदातील एक वाक्य पुन्हा वाचा: तुटलेल्या जागी सगळा दाब येऊन उभा राहतो. हे वाक्य नीट समजले, तर जीव वाचू शकतो.

पुष्कळांना वाटते, की दिवा २.४ व्होल्टचा आहे, टॉर्चच्या घटाइतकाच. त्याला हात लावायला काय हरकत? म्हणून ते प्लग न काढताच दिवा उपसतात आणि होल्डरमध्ये बोट किंवा तारेचे टोक घालून पाहतात. दिवा उपसला, की माळ तुटली. त्या रिकाम्या होल्डरच्या दोन पट्ट्यांमध्ये आता २.४ नव्हे, तर अमेरिकेत १२० आणि आपल्याकडे २३० व्होल्ट दाब असतो! बोट घातले तर माळ पूर्ण करण्याचे काम तुमचे शरीर करील. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे असाल, तर धोका आणखी वाढतो. आपल्याकडे गणपतीत आणि दिवाळीत घरी माळा दुरुस्त करणाऱ्या मुलांनी हे कायम ध्यानात ठेवावे. नुसते बटन बंद करून भागत नाही. कारण ते चुकीच्या तारेवर बसवलेले असू शकते. प्लग भिंतीतून उपसून काढावा, मगच माळेला हात लावावा.

दुसरी एक गोष्ट. अमेरिकेत राहणारे आपले काका-मावशी कधी तिकडची सुंदर माळ भेट म्हणून आणतात. ती येथे तशीच लावली तर काय होईल? २३० ÷ ५० = ४.६. प्रत्येक दिव्यावर २.४ ऐवजी ४.६ व्होल्ट, म्हणजे दाब जवळजवळ दुप्पट आणि शक्ती साडेतीन पटींहून जास्त. माळ एकदाच लख्ख उजळेल आणि संपेल. वायर वितळून आग लागण्याचेही भय आहे. २३० व्होल्टचे १२० व्होल्ट करून देणारे योग्य क्षमतेचे रोहित्र मध्ये असल्याखेरीज ती माळ लावू नये. खोक्यावरील आकडे वाचण्याची सवय येथे उपयोगी पडते.

माळ डोळे मिचकावते

आपली मोटार पुढे निघाली. ते पहा, एका घरावरची माळ दर दोन-तीन सेकंदांनी विझते आणि पुन्हा लागते. तेथे बटन कोण दाबत असेल?

जुन्या पद्धतीच्या माळेत हे काम एकच खास दिवा करतो. त्याच्या आत द्विधातू पट्टी असते. दोन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवलेल्या. तापल्यावर एक धातू अधिक प्रसरण पावतो आणि दुसरा कमी, त्यामुळे पट्टी वाकते. वाकली, की तिचे टोक तंतूपासून सुटते आणि प्रवाह तुटतो. मग दिवा निवतो, पट्टी सरळ होते, टोक पुन्हा टेकते आणि प्रवाह सुरू होतो. या दिव्यात पूल बांधणारा वेढा मुद्दामच ठेवलेला नसतो. आणि माळ एकसर असल्याने एकाने डोळे मिटले, की साऱ्यांनाच मिटावे लागतात. घरातील आपोआप बंद होणाऱ्या इस्त्रीतही अशीच पट्टी असते. हल्लीच्या माळांत मात्र हे काम इलेक्ट्रॉनिक मंडल करते.

दिवा जळतो, पण तापत नाही

आता रस्त्याच्या दोन बाजूंची दोन घरे पहा. डावीकडे मोठ्या तंतूच्या दिव्यांची माळ आहे. तिच्यावर पडणारे हिम वितळून थेंब गळत आहेत. उजवीकडच्या माळेवर हिम तसेच साचले आहे आणि त्यातून रंगीत उजेड बाहेर येतो आहे. असे का?

उजवीकडे प्रकाश उत्सर्जक डायोड आहेत. ज्यांना सगळे एलईडी म्हणतात ते. तंतूचा दिवा तापून प्रकाशतो. त्याला दिलेल्या विजेपैकी शंभरातला पाचएक भागच प्रकाश होतो, बाकीची उष्णता. शिवाय रंग हवा असेल तर काचेवर रंग लावायचा, म्हणजे नको ते रंग काचेतच अडवायचे! एलईडीची तऱ्हा निराळी. त्यात तंतूच नसतो, तर अर्धवाहक पदार्थाचा कण असतो. त्यातील इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जेच्या पातळीवरून खालच्या पातळीवर उतरतो आणि मधली ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकतो. हा उतार लहान असला तर प्रकाश लाल, मोठा असला तर निळा. म्हणजे रंग काच ठरवत नाही, पदार्थच ठरवतो.

दिसू शकणारा लाल प्रकाश देणारा एलईडी निक होलोनियाक या शास्त्रज्ञाने १९६२ साली बनवला. परंतु मोठा उतार असलेला, शुद्ध आणि निर्दोष स्फटिक मिळवणे फार कठीण होते. म्हणून चांगल्या निळ्या एलईडीसाठी १९९० नंतरच्या दशकापर्यंत वाट पाहावी लागली. त्याबद्दल इसामू आकासाकी, हिरोशी आमानो आणि शूजी नाकामुरा यांना २०१४ सालचे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

खर्चाचा हिशेब करू. समजा, एका घरावर बारीक तंतूंच्या शंभर-शंभर दिव्यांच्या १० माळा आहेत. एक माळ ४० वॅट, म्हणजे एकूण ४०० वॅट. रोज ५ तास, ३० दिवस:

४०० × ५ × ३० = ६०,००० वॅट-तास = ६० युनिट.

तेवढ्याच दिव्यांची एलईडीची एक माळ ५ वॅटची धरली, तर हाच खर्च साडेसात युनिटांवर येतो. मात्र स्वस्त झाले म्हणून माणूस दहा माळांच्या जागी ऐंशी लावू लागला, तर बचत कोठे राहिली? हा प्रश्न गणिताचा नाही, आपल्या वागण्याचा आहे.

प्रकाशाच्या रेघेचे ठिपके का होतात?

मोटारीतून एलईडीच्या माळेवरून नजर झटकन एका बाजूकडून दुसरीकडे न्या. कधी कधी प्रत्येक दिव्याची सलग रेघ न दिसता ठिपक्यांची ओळ दिसते. डोळ्यांत काही बिघाड नाही!

घरातील वीज प्रत्यावर्ती असते. तिची दिशा अमेरिकेत सेकंदाला ६० आवर्तने, तर आपल्याकडे ५० आवर्तने या गतीने बदलते. डायोड प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देतो. म्हणून साध्या माळेतील एलईडी प्रत्येक आवर्तनात अर्धा वेळ विझलेला असतो. तंतूचा दिवा एवढ्या थोड्या अवधीत निवत नाही, एलईडी मात्र तत्क्षणी विझतो. स्थिर नजरेला ही उघडझाप कळत नाही. पण नजर सरकली, की प्रत्येक उजेड डोळ्यातील पडद्यावर निराळ्या जागी पडतो आणि ठिपके उमटतात. सुधारलेल्या माळांत दोन्ही अर्ध्या आवर्तनांचा उपयोग करतात. तेथे ठिपके दुप्पट आणि जवळजवळ पडतात.

दिव्यांकडे सारे पाहतात, रस्त्याकडे कोण?

मोटारीतील बाकीचे वर दिव्यांकडे पाहोत. चालकाने मात्र रस्त्याकडेच पाहिले पाहिजे. कारण रस्त्यावर बर्फ आहे.

ब्रेक दाबल्यावर मोटार थांबते ती चाक आणि रस्ता यांमधील घर्षणामुळे. थांबायला लागणारे अंतर असे काढतात: वेगाचा वर्ग भागिले (२ × घर्षण गुणांक × गुरुत्व त्वरण). मोटारीचा वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर धरा. गुरुत्व त्वरण सोयीसाठी १० घ्या.

कोरडा डांबरी रस्ता, गुणांक सुमारे ०.७: अंतर ७ मीटर.
दाबून घट्ट झालेले हिम, गुणांक सुमारे ०.२: अंतर २५ मीटर.
गुळगुळीत बर्फ, गुणांक सुमारे ०.१: अंतर ५० मीटर.

तीच मोटार, तेच ब्रेक, आणि अंतर सातपट! शिवाय समोरचे संकट दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर मोटार आणखी १० मीटर पुढे गेलेली असते. चालक दिवे पाहण्यात रंगला आणि दोन सेकंद गेले, तर २० मीटर. झगझगीत रोषणाईवरून नजर काळोख्या रस्त्यावर आली, तर डोळ्यांनाही सरावायला वेळ लागतो. पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. तेवढ्यात दिवे पाहण्यासाठी रस्ता ओलांडणारे एखादे मूल दिसायचे राहून गेले तर? म्हणून अशा रस्त्यांवर मोटार माणसाच्या चालीने हाकतात.

बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. हाताने फिरवायच्या पॉटमध्ये आइस्क्रीम करताना आपण बर्फात मीठ घालतो, त्यामागचे तत्त्व हेच: मिठाचे पाणी शून्य अंशाखाली गोठते. पण उणे १० अंशांच्याही खाली थंडी गेली, की रस्त्यावर साध्या मिठाची मात्रा फारशी चालत नाही.

आणखी एक संकट डोळ्यांना दिसत नाही. मोटारींची लांब रांग लागली, की ऊब राहावी म्हणून लोक काचा बंद करून इंजिन चालू ठेवतात. मागची धूर सोडणारी नळी साचलेल्या हिमात बुजली, तर त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड आत शिरू शकतो. या वायूला रंग नाही, वास नाही. तो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो आणि माणूस झोपेतच दगावतो. म्हणून इंजिन सुरू करण्यापूर्वी नळीभोवतालचे हिम काढायचे, हा तिकडचा शहाणपणाचा रिवाज आहे. आपल्याकडे हिम नाही; पण बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून बसणे तितकेच घातक आहे.

आकाशातून दिसणारा नाताळ

ही रोषणाई अवकाशातूनही दिसते. २०११ साली सोडलेल्या सुओमी एनपीपी या अमेरिकी उपग्रहावर रात्रीचा मंद उजेड मोजणारे उपकरण आहे. नासाच्या शास्त्रज्ञांनी त्याची निरीक्षणे तपासून २०१४ साली जाहीर केले, की नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणापासून नववर्षापर्यंत अमेरिकेतील अनेक शहरांचा उजेड नेहमीपेक्षा २० ते ५० टक्क्यांनी वाढतो. मध्यपूर्वेतील काही शहरांत रमजानच्या महिन्यात अशीच वाढ आढळली.

या अभ्यासासाठी त्यांनी अमेरिकेतील हिम न पडलेलीच शहरे घेतली. का बरे? ताजे हिम त्याच्यावर पडलेल्या उजेडापैकी ८० ते ९० टक्के उजेड परत फेकते. मग उजेड वाढला तो दिवे वाढले म्हणून, की हिम पडले म्हणून, हे कसे ठरवणार? एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा प्रयोगाचा नियम उपग्रहालाही चुकत नाही.

वर आकाशाकडे जाणारा हा उजेड कोणाच्याच कामाचा नसतो. तो तारे झाकतो आणि निशाचर प्राण्यांना गोंधळात टाकतो. सणाचे दिवे जरूर लावावेत. पण झोपायच्या वेळी ते बंद करावेत. त्यासाठी वेळेवर बंद होणारे बटनही मिळते.

करून पहा आणि विचार करा

१. मोबाइलच्या कॅमेऱ्यात प्रकाश घेण्याचा अवधी १/१० सेकंद ठेवता येत असेल तर तसा ठेवा. अंधारात एलईडीच्या माळेचे छायाचित्र कॅमेरा झर्रकन आडवा फिरवत घ्या. एका दिव्याचे किती ठिपके उमटले ते मोजा. ५ आले, तर माळ अर्धेच आवर्तन वापरते. १० आले, तर दोन्ही अर्धी. सलग रेघ आली तर काय समजावे?

२. टॉर्चचे सारखे तीन दिवे आणि तीन घट घ्या. दिवे आधी एकसर, मग समांतर जोडा. प्रत्येक वेळी एक दिवा काढून काय होते ते वहीत लिहा. समांतर जोडताना एकच घट वापरा. तसे का, याचे कारणही लिहा. हा प्रयोग घटांवरच करायचा, घरातील विजेवर कदापि नाही.

३. आपल्याकडच्या २३० व्होल्टवर ६ व्होल्टचे दिवे एकसर लावायचे असतील, तर कमीत कमी किती लागतील? हिशेब कागदावरच करा.

४. मोटारीचा वेग ताशी ३६ ऐवजी ७२ किलोमीटर केला, तर बर्फावर थांबण्याचे अंतर किती होईल? दुप्पट, असे घाईने उत्तर देऊ नका.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. गणेशोत्सवाच्या किंवा दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात हा पाठ घ्यावा आणि मुलांना आपल्या घरातील माळेच्या खोक्यावरचे व्होल्ट व वॅट लिहून आणायला सांगावे. वर्गातील साऱ्या माळांचा एका महिन्याचा खर्च फळ्यावर मांडला, तर एकसर आणि समांतर जोडणीचे गणित मुले सहसा विसरणार नाहीत. आणि माळेला हात लावण्यापूर्वी प्लग काढायलाही विसरणार नाहीत.